माशावरची फुली

प्रारंभीच क्षमा मागतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी लेखणी हाती धरावी आणि आपल्या आयुष्यातली एक लहानशी गोष्ट परक्या वाचकापुढे ठेवावी, असा कोणताही अधिकार माझ्यापाशी नाही. पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षे मी जे लिहिले ते अभिप्राय, टिपणे आणि पाहणी-अहवाल. त्यांत 'मी' हा शब्द वापरण्याची सोय नव्हती, आणि खरे सांगायचे तर ती नसल्याचा मला आधारच वाटे. शाळेत संस्कृत आणि इंग्रजी मन लावून शिकलो, वाचनही पुष्कळ केले. पण स्वतःचे म्हणून काही लिहायची वेळ आली की हात आखडत असे. आताही हौसेने लिहीत नाही. एका गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती ज्यांना सांगायला हवी त्यांना सांगण्याआधी कोठेतरी नीट मांडून पाहावी, एवढाच हेतू आहे.

आम्ही उभयता गेली काही वर्षे वर्षातले सहा-सात महिने मुलाकडे, वेलिंग्टनच्या उत्तरेला जॉन्सनव्हिल येथे राहतो. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, तेव्हा नातीला शाळेतून आणण्याचे काम माझ्याकडे आहे. शाळा तीनला सुटते. मी पावणेतीनलाच फाटकासमोरच्या बाकावर जाऊन बसतो. तेथे वारा असा येतो की टोपी हाताने धरून ठेवावी लागते. माझ्या या स्नेह्यांना मी प्रथम पाहिले तेव्हा तेही बाकाच्या दुसऱ्या टोकाला टोपी धरूनच बसले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनाही हसू आले.

ते जपानचे. त्यांची मुलगी इथल्याच एका गृहस्थाशी लग्न करून जॉन्सनव्हिलमध्ये स्थायिक झालेली, आणि तिची मुलगी आमच्या नातीच्या वर्गात. त्यांच्या पत्नीला विमानप्रवास सोसत नसे, म्हणून वर्षातून काही महिने ते एकटेच येत. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. इंग्रजी दोघांचेही शाळेतले; माझे व्याकरणशुद्ध पण वेळेवर न सुचणारे, त्यांचे तोडके पण वेळेवर हजर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचे पाकीट माझ्यापुढे धरले. आमच्या घराण्यात मासे-मटण कोणी खाल्लेले नाही, आणि जपानी पदार्थांत माशाचा अंश कोठेही असू शकतो, असे मुलाने मला आधीच बजावले होते. 'नको' म्हणणे मला आयुष्यात जमलेले नाही. मी चकती घेतली, 'नंतर खातो' म्हणालो आणि कोटाच्या खिशात ठेवली. असे आठ-दहा दिवस चालले. मग एके दिवशी कोट झटकताना पत्नीने विचारले,

"अहो, हा भुगा कसला? पापड खिशात ठेवायला लागलात का आताशा?"

"त्या जपानी गृहस्थांनी दिलं."

"मग खायचं, नाहीतर नको म्हणायचं. खिसा म्हणजे काय तोंड आहे?"

मी खिसा उलटा करून मागच्या अंगणात झाडला. स्नेह्यांच्या मात्र हे आधीच लक्षात आले असावे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, पेन्सिलीने मासा काढला, त्यावर फुली मारली आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. त्यांनी वही मिटली, पाकीटही मिटले आणि त्या दिवशी स्वतःही काही खाल्ले नाही. त्यानंतरच्या दिवशी वेगळे पाकीट आणले. त्याच्या पाठीवर, छापील जपानी मजकुराशेजारी, पेन्सिलीने काढलेला मासा होता आणि त्यावर फुली. पाकिटावरचे अक्षर न् अक्षर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचून काढले होते. तेव्हापासून मी निर्धास्तपणे खाऊ लागलो. सोमवार ते शुक्रवार, रोज. हे 'रोज' वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

ती वही आमची भाषा झाली. मी त्यांना धरण, मुख्य कालवा, त्याच्या वितरिका आणि शेताच्या कडेचे पाट काढून दाखवले. त्यांनी आपले गाव काढले: एक डोंगर, पायथ्याशी वळसा घालून गेलेला कालवा, आणि कालव्याच्या टोकाला भलेमोठे सरोवर. गावाचे नाव ओमीहाचिमान, सरोवराचे बिवा. फार पूर्वी डोंगरावर एका तरुण सरदाराचा किल्ला होता. त्याने किल्ल्याचा खंदकच सरोवराला जोडून घेतला आणि सरोवरावरून जाणाऱ्या नौकांना गावातून जाणे भाग पाडले, म्हणून हे व्यापाऱ्यांचे गाव वाढले. कालवा म्हटले की मला उतार दिसतो, आणि या कालव्याला उतार जवळजवळ नव्हताच. "पाणी साचत नाही का?" मी विचारले. ते बराच वेळ हसले. "या," म्हणाले, "बघा."

हे आमंत्रण शिष्टाचाराचे असेल असे मी धरून चाललो होतो. पण पुढच्या वर्षी आम्ही भारतात परत जायचे ठरवताच मुलाने ओसाकामार्गे तिकिटे काढली आणि मध्ये तीन दिवस ठेवले. जपानच्या वकिलातीने तिथल्या रहिवाशाचे हमीपत्र मागितले. तोवर आपल्या गावी परतलेल्या स्नेह्यांनी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन सगळी कागदपत्रे गोळा केली आणि पाठवून दिली. माझ्या वर्तणुकीची जबाबदारी त्यांनी सहीशिक्क्यानिशी घेतली होती. ते पत्र कोणत्या शब्दांत होते ते मला वाचता येत नव्हते, पण सही मी ओळखली. वहीत माशाखाली ते कधीकधी तशीच करीत.

ओमीहाचिमानला आम्ही पोहोचलो तो गुरुवार होता. नोव्हेंबरची कोरडी, स्वच्छ थंडी. स्टेशनावर ते टोपी हातात घेऊन उभे होते. घराकडे जाताना एका अरुंद गल्लीतून गेलो. तेथे सरोवरातले मासे भातात वर्षानुवर्षे मुरवून विकणारे दुकान होते. तो वास मला असह्य झाला. मी श्वास रोखून चाललो, आणि गल्ली संपली तरी तो वास माझ्या कपड्यांत अडकून राहिल्यासारखा वाटत होता.

घराच्या दारात वाकून बूट काढत असताना आतला सरकता दरवाजा उघडा दिसला. बुटक्या टेबलावर वाट्या मांडलेल्या होत्या, आणि मधल्या ताटलीत गडद लाल, ओलसर, थरथरणारे काप रचलेले होते. मला ते काळजाचे वाटले. खाटकाच्या दुकानाच्या फळीवर लहानपणी पाहिलेले, आणि पाहून धावत घरी आलेलो, ते तसेच. मी बूट काढलेला पाय जमिनीवर टेकायच्या आत म्हणालो,

"आज माझा देवाचा दिवस आहे. मी जेवत नाही."

आपल्याकडे हे वाक्य किती सोयीचे असते ते वाचकांना सांगायला नको. ज्या घरी जेवायचे नाही तेथे 'आज उपवास आहे' म्हणावे; यजमान दुखावत नाही, पाहुणा अडचणीत येत नाही, आणि ते वाक्य कोणी तपासून पाहत नाही. नोकरीत दौऱ्यावर असताना मी ते अनेकदा वापरले होते. यजमान फार तर केळी आणि दूध पुढे करी.

स्नेही थांबले. "कोणता दिवस?"

"गुरुवार."

"प्रत्येक गुरुवार?"

क्षणभर मी गोंधळलो, आणि म्हणालो, "हो. आता प्रत्येक."

त्यांनी मागे वळून आपल्या पत्नीला सांगितले. त्या वहिनी माझ्याहूनही लाजऱ्या होत्या. त्यांनी हातातले फडके घडी करून बाजूला ठेवले आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही केला. माझी पत्नी माझ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावरचे हसू तसेच ठेवून ती मराठीत म्हणाली,

"कधीपासून धरलात हा गुरुवार?"

"हळू बोल."

"कोणाला कळतंय इथे? सकाळी हॉटेलात तीन टोस्ट खाल्लेत ते देवाला दिसले नाहीत वाटतं."

आम्ही बसलो. आणि बसल्यावर मला जे दिसले ते उभ्याने दिसले नव्हते. प्रत्येक वाटीपुढे, प्रत्येक ताटलीपुढे, पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा उभा करून ठेवला होता. त्यावर पेन्सिलीने काढलेला मासा होता आणि माशावर फुली. भातापुढे होता, लोणच्यापुढे होता, सोयाबीनच्या पनीरासारख्या तुकड्यांपुढे होता, वाफाळत्या सारापुढेही होता. सार माशाच्या पाण्यात न करता समुद्रातले वाळवलेले शेवाळ उकळून केले आहे, असे स्नेह्यांनी शब्द जुळवत जुळवत सांगितले. वहिनींनी ते आधी दोनदा करून पाहिले होते. लाल कापांपुढेही पुठ्ठा होता.

पत्नीने त्या कापांकडे बोट करून "हे काय?" असे विचारले. स्नेह्यांनी वही उघडली. जाड, ठिपक्याठिपक्यांचा एकच दांडा, वर छत्रीसारखी फाकलेली पाने, खाली जमिनीत चपटा गोल कंद. लाल रंग लोहाचा, असे ते म्हणाले. या गावाचीच पद्धत, दुसरीकडे हा पदार्थ करडा असतो. चित्र पाहताच पत्नीने मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हटले,

"अहो, हा तर सुरण. सुरणाचाच कोणीतरी चुलतभाऊ. उपवासाला चालला असता."

मी मान खाली घातली. मी तेव्हाच बोलायला हवे होते. 'माझी चूक झाली, मला वाढा' एवढे चार-पाच शब्द मला इंग्रजीत निश्चित येत होते. ते तोंडातून बाहेर आले नाहीत. आणि मग स्नेह्यांनी आपल्या पुढ्यातली वाटी दोन्ही हातांनी उचलून वहिनींकडे परत दिली, जेवायच्या काठ्या जागेवर आडव्या ठेवल्या आणि मला म्हणाले, "मीसुद्धा. एकट्याचा उपवास जड. दोघांचा हलका."

मी नको नको म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. पाहुणा उपाशी असताना आपण जेवणे त्यांना शक्य नव्हते, आणि ही गोष्ट आमच्याकडच्यासारखीच असल्यामुळे मला तिच्याविरुद्ध काही बोलताही येईना. दोन बायका जेवल्या. माझ्या पत्नीने सगळ्या वाट्या संपवल्या, लाल काप दोनदा घेतले आणि वहिनींचा हात हातात घेऊन त्यांना आपल्या भाषेत "फार छान झालं होतं हो" असे सांगितले. आम्ही दोघे पुरुष भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसलो.

दुपारी बायका घरी राहिल्या आणि आम्ही दोघे कालव्यावर गेलो. एका म्हाताऱ्या नावाड्याची एकाच वल्ह्याची होडी होती. दोन्ही काठांना दगडी बांध, वर पांढऱ्या भिंतींची आणि काळ्या लाकडाची कोठारे, काठावरून पाण्यावर झुकलेली झाडे. पाणी संथ होते, पण मेलेले नव्हते. बांधाच्या दगडांतली चुन्याशिवायची जोडणी पाहून मी मनात वाहवा केली. स्नेही सांगत होते. त्यांच्या तरुणपणी या कालव्यात गाळ भरला होता, दुर्गंधी इतकी की खिडक्या उघडता येत नसत, आणि तो बुजवून टाकायचे जवळजवळ ठरले होते. मग गावकरीच आत उतरले. रविवारी, सुटीच्या दिवशी, फावडी आणि बादल्या घेऊन. गाळ कोठपर्यंत होता ते दाखवण्यासाठी त्यांनी मांडीवर हात आडवा धरला. माझ्या हाताखालून अशा किती गाळाने भरलेल्या पाटचाऱ्यांच्या नस्त्या गेल्या, आणि प्रत्येकीवर मी 'गाळ काढणे आवश्यक' असे सुबक अक्षरात लिहून ती पुढे पाठवली, हे मी त्यांना सांगितले नाही.

होडी गाव सोडून बोरूच्या, लव्हाळ्यासारख्या उंच गवताच्या, बेटांमधून सरोवराकडे निघाली. तेथे इतकी शांतता होती की स्नेह्यांच्या पोटातला गुरगुराट मला स्पष्ट ऐकू आला. त्यांनाही आला. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि जणू कोणी लहान मूल बोलले असावे तसे त्याला हलकेच थोपटले.

आता जे लिहायचे त्यासाठीच हा सगळा खटाटोप केला आहे. होडीतून उतरल्यावर मी स्वच्छतागृहात जाऊन येतो असे सांगितले. माझ्या खांद्याच्या पिशवीत पत्नीने प्रवासासाठी केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी होती. दाराला कडी लावून, भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या मी दोन दशम्या खाल्ल्या. पहिली भुकेपोटी खाल्ली असे म्हणता येईल. दुसरीला तेही कारण नव्हते. बाहेर चौऱ्याहत्तर वर्षांचा एक माणूस माझ्यामुळे उपाशी उभा आहे, हे मला खाताना ठाऊक होते. मी घाईघाईने चावत होतो.

बाहेर आलो तेव्हा ते दारापासून जरा दूर, पाण्याकडे पाहत उभे होते. माझ्याकडे वळले. काही क्षण माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी तोंड पुसले. रुमालावर चटणीचा तेलकट लाल डाग उमटला. मी डाग आत जाईल अशी घडी घालून रुमाल त्यांना परत दिला, आणि त्यांनी तो तसाच, न उघडता, खिशात ठेवला. जपानमध्ये हात पुसायला अनेक ठिकाणी कागद नसतो, म्हणून लोक रुमाल जवळ बाळगतात आणि पाहुण्यालाही देतात, असे मला नंतर कोणीतरी सांगितले. मी त्या माहितीचा आधार घेऊन पाहिला. पण ओला चेहरा आणि चटणीचा चेहरा यांत फरक असतो, आणि मी हातही धुतले नव्हते.

निघताना वहिनींनी लाल कापांची एक हवाबंद पिशवी आमच्या हातात दिली. वर फुली मारलेला मासा होताच. विमानात पत्नी म्हणाली, "चांगली माणसं आहेत." तेव्हाच मला आठवले की जॉन्सनव्हिलच्या बाकावर मी कितीतरी गुरुवारी त्यांच्या हातून घेऊन खाल्ले आहे. मला ते विमानात आठवले. त्यांना बहुधा माझ्या दारातल्या पहिल्या वाक्यालाच आठवले असेल.

आम्ही पुन्हा जॉन्सनव्हिलला आलो तेव्हा तेही आलेले होते. बाक तोच, वारा तोच. सोमवारी पाकीट निघाले, मंगळवारी, बुधवारी निघाले. गुरुवारी त्यांनी रिकामे हात उघडून दाखवले आणि म्हणाले, "गुरुवार." तो शब्द त्यांनी मराठीत उच्चारला. माझ्या नातीकडून शिकून घेतला होता. घरी गेल्यावर नात म्हणाली, "आजोबा, युअर फ्रेंड इज सो फनी. तो थर्सडेला काहीच खात नाही. बिकॉज ऑफ यू."

पहिले काही गुरुवार मी दुपारी बाराला वरणभात जेवून पावणेतीनला त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. हेही लिहून टाकतो. मग तेवढे निर्ढावलेपण टिकेना, आणि मी खरोखर उपवास करू लागलो. पत्नीने त्यालाही नाव ठेवले. "आपल्या उपवासाला निदान खिचडी असते, रताळी असतात. त्या बिचाऱ्यांना हे कोण सांगणार? ते नुसतं पाणी पिऊन बसतात." आणि खरेच ते नुसते पाणी पीत होते. मी उपाशी राहिल्याने माझे जुने बोलणे मागाहून खरे होईल, अशी काहीतरी माझी समजूत होती. तसे झाले नाही.

गेल्या गुरुवारी शाळेच्या फाटकापाशी त्यांना चक्कर आली. त्यांनी कुंपणाचे गज दोन्ही हातांनी धरले, टोपी उडून रस्त्यावर गेली, आणि मी ती आणायला धावलो. कारण त्यांच्याकडे पाहण्यापेक्षा टोपीमागे धावणे मला सोपे वाटले. संध्याकाळी त्यांची मुलगी आमच्या घरी आली. रागावली नव्हती, हेच अवघड होते. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले आहे, पण बाबा ऐकत नाहीत, मित्राबरोबर धरला आहे म्हणतात, असे ती म्हणाली. येत्या शनिवारी ते कायमचे जपानला परत जात आहेत. यापुढे इतका लांबचा प्रवास त्यांना जमणार नाही. "तुम्ही सांगितलंत तर ते सोडतील," ती म्हणाली. मी सांगतो असे कबूल केले.

ती गेल्यावर पत्नी म्हणाली, "त्यात काय एवढं? उद्यापन झालं म्हणून सांगा. तुमचाही सुटला, त्यांचाही सुटला."

"ते आणखी एक खोटं."

"पहिलं बोलताना मला विचारलं होतंत?"

नात जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करीत होती. "उद्यापन म्हणजे व्हॉट?"

"म्हणजे देवाला सांगायचं, एवढं पुरे, आता सोडतो," पत्नी म्हणाली.

"लाइक कॅन्सलिंग?"

"तसंच काहीसं."

पत्नीचा मार्ग दयाळूपणाचा आहे, हे मी जाणतो. ते आनंदाने जेवतील, निरोपाच्या वेळी दोघांनी मिळून एक व्रत पुरे केले याचे त्यांना समाधान वाटेल, आणि वहिनींना ते जाऊन सांगतील. खरे सांगितले तर त्यांच्या हाती काय उरेल? वहिनींनी दोनदा करून पाहिलेले सार, उपाशी पोटी दाखवलेला कालवा आणि दाराआड दशम्या खाणारा मी. पण कधी वाटते, रुमालाची ती घडी त्यांनी घरी गेल्यावर उघडली असेलच. त्यांना सगळे ठाऊक असेल, आणि इतके गुरुवार ते मी बोलण्याची वाट पाहत माझ्याशेजारी उपाशी बसले असतील. मग उद्यापनाची गोष्ट त्यांना ऐकवणे म्हणजे त्या रुमालाने पुन्हा एकदा तोंड पुसणेच होईल.

त्यांची वही मी मागून घेतली आहे. काही काढून देतो, असे सांगितले. पान अजून कोरे आहे. उद्या गुरुवार, आमचा शेवटचा. पावणेतीनला मी बाकावर असेन.

वाचकहो, उद्यापन झाले असे सांगू, की खरे सांगू?